आरोग्यविम्याच्या नोंदणीस मुदत का?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जालना येथे केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, ती आम्ही शिरोधार्य मानली. विषय मात्र आम्ही आपण होऊन मागून घेतला. या व्यासपीठावरून दर वर्षी मुलामुलींच्या शिक्षणाविषयी, विवाहातील खर्चाविषयी, वसतिगृहाविषयी जाणकार वक्ते बोलतात, आणि ते ऐकून आपण सर्व काही ना काही घेऊन घरी जातो. आमचा आजचा विषय त्या मानाने रूक्ष आहे. तो हिशेबाचा आहे. आमचे सारे आयुष्य एका पतसंस्थेत हिशेबनिसाचे काम करण्यात गेले, तेव्हा आमच्याकडून अलंकारिक भाषणाची अपेक्षा आपणही ठेवली नसेल. परंतु या रूक्ष हिशेबापायी यंदा आपल्या मंडळात मने दुखावली गेली आहेत, आणि ज्यांनी ती दुखावली त्यांत आम्हीही एक आहोत. म्हणून त्याचा जाब देणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रसंग आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. गेल्या मेळाव्यात ठराव झाला की सभासद कुटुंबांसाठी एक समूह आरोग्यविमा घ्यावा. त्याप्रमाणे समितीने एका विमा कंपनीशी बोलणी केली. कंपनीने आपली एक मोठी मागणी मान्य केली. ज्यांस मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार आहेत त्यांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण देण्याचे तिने कबूल केले. बदल्यात अट एकच होती. नावांची यादी एका ठरलेल्या दिवशी पुरी व्हावी, आणि त्यानंतर वर्षभर तीत नवे कुटुंब घालू नये. समितीने नोंदणीसाठी श्रावणमास मुक्रर केला आणि पोळ्याच्या संध्याकाळी यादी बंद केली. जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, बदनापूर आणि घनसावंगी या आठही तालुक्यांत पत्रके गेली.

पोळा होऊन आठ दिवस लोटले. गौरी-गणपतीच्या दिवसांत आपले एक सभासद समितीकडे आले. त्यांच्या कुटुंबाच्या पोटात गाठ असल्याचे निदान दोनच दिवसांपूर्वी झाले होते आणि शस्त्रक्रिया सांगितली होती. त्यांनी हप्त्याची पुरी रक्कम रुमालात बांधून आणली होती. ते म्हणाले, "पैसे घ्या, पण आमचे नाव यादीत घाला." समितीने नाही म्हटले. ते गृहस्थ एक शब्दही न बोलता उठून गेले. नंतर मात्र गावोगाव बोलणे सुरू झाले. आठ दिवसांनी असे काय आभाळ कोसळणार होते? समाजाचे मंडळ ते, की विमा कंपनीची कचेरी? गरजेच्या वेळी दार लावून घ्यावयाचे, तर मंडळ हवे कशाला?

हे प्रश्न रागाने विचारलेले असले तरी खोटे नाहीत. त्यांना उत्तर दिले पाहिजे, आणि ते देण्यापूर्वी आम्ही आमच्याच घरची गोष्ट सांगतो, म्हणजे आम्ही काठावर बसून बोलत आहोत असे कोणास वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंस आम्ही आरोग्यविमा घ्या असे सुचविले होते. त्यांची प्रकृती दणकट. साठीतही पहाटे उठून मोसंबीच्या बागेत जाऊन ते स्वतः पाणी देत. ते हसून म्हणाले, "आजारी पडलो तर घेऊ." आम्हीही हसलो आणि विषय तेथेच राहिला. पुढे एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. त्यांस छत्रपती संभाजीनगरला नेले. इस्पितळाच्या ओट्यावर बसून आम्ही, म्हणजे जन्मभर इतरांचे हिशेब तपासलेल्या माणसाने, एका विमा प्रतिनिधीस दूरध्वनी करून विचारले की आता पॉलिसी निघेल काय? त्या भल्या माणसाने शांतपणे सांगितले की पॉलिसी पुढे कदाचित निघेलही, परंतु या दुखण्यासाठी नव्हे. बंधू वाचले, ही परमेश्वराची कृपा. बागेलगतची दोन एकर जमीन मात्र गेली. त्या रात्री आम्हांसही त्या दाराचा संताप आला होता. पुढे शांतपणे कागद घेऊन बसलो तेव्हा कळले की दार आम्हांवर कोणी लावले नव्हते. ते उघडे असताना आम्ही आत गेलो नव्हतो, एवढेच.

आता तो कागदावरचा हिशेब आपणांपुढे मांडतो. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, त्यांतील न्याय मात्र खरा आहे. समजा, १०० कुटुंबांनी मिळून आजारपणाचा एक सामाईक निधी केला. वर्षात त्यांपैकी पाच घरी मोठे दुखणे निघते आणि प्रत्येकास १ लाख रुपये खर्च येतो. एकूण खर्च ५ लाख. तो शंभरांत वाटला की प्रत्येक घरास ५,००० रुपये पडतात. पाच हजार देऊन लाखाची चिंता मिटते, म्हणून लोक आनंदाने देतात.

आता असा नियम करा की निधीत केव्हाही यावे, आजारी पडल्यावरही यावे, आणि आल्याबरोबर खर्च मिळावा. निरोगी घरचा कर्ता काय विचार करील? तो म्हणेल, आज पैसे कशाला अडकवू? दुखणे आले की त्या दिवशी भरू. यात त्याची लबाडी नाही, कोणताही व्यवहारी मनुष्य असेच करील. समजा, असा विचार करून ६० घरे बाहेर राहिली. आजारी पाच तर कोठे जात नाहीत. तेव्हा तोच ५ लाखांचा भार ४० घरांवर आला आणि हप्ता १२,५०० झाला. इतका हप्ता ऐकून आणखी २० घरे निघाली. उरलेल्या २० घरांस प्रत्येकी २५,००० पडू लागले. असे होता होता शेवटी केवळ पाच आजारी घरे उरतील आणि प्रत्येकास हप्ता १ लाख पडेल. म्हणजे ज्याचा खर्च त्याने करावा! मग निधी राहिला कोठे? ज्या आजाऱ्याच्या दयेपोटी आपण दार सदैव उघडे ठेवले, त्यालाच त्या उघड्या दाराने बुडविले.

नोंदणीस मुदत का असते, याचे सारे मर्म या हिशेबात आहे. आपण केव्हा आजारी पडू हे ठाऊक नसताना, सर्वांनी एकाच वेळी निर्णय करावा, यासाठी ती मुदत असते.

ही रीत विमा कंपन्यांनी शोधून काढली असेही नाही. आपल्या बायाबापड्या ज्या भिशीत पैसे टाकतात तिच्याकडे पाहा. भिशी सुरू होताना जितकी माणसे ठरली तितकीच शेवटपर्यंत राहतात. चार महिने लोटल्यावर कोणी म्हणेल की मला आज गरज आहे, मला घ्या आणि पहिली उचल मलाच द्या, तर भिशी चालविणारी बाई त्यास काय उत्तर देईल हे सांगावयास नको. मराठवाड्यातील जुन्या पेवांचेही तसेच. सुगीत ज्याने धान्य पेवात उतरविले, त्यालाच दुष्काळात पेव उघडून घेता आले.

पिकविम्याचे उदाहरण तर आपल्या शेतकरी बांधवांच्या नित्य परिचयाचे आहे. २०१६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजना आली. खरिपासाठी शेवटची तारीख साधारणतः जुलैअखेर असते, आणि कधी कधी शासन ती थोडी वाढविते. त्या तारखेपूर्वी सेतूकेंद्रावर किती गर्दी होते आणि यंत्र बंद पडले की किती जीव टांगणीस लागतात, हे आपण पाहतोच. तरीही असे कोणी म्हणत नाही की ऑक्टोबरात सोयाबीन पाण्यात सडल्यावर विमा उतरवून घ्या. पिकाविषयी जे आपणांस सहज पटते, तेच देहाविषयी पटत नाही. त्याचे कारण उघड आहे. पीक बुडाले तर दुसरे घेता येते, माणूस दुसरा मिळत नाही. म्हणून आजाऱ्याच्या बाबतीत नियम सांगणारा निष्ठुर वाटतो. परंतु भावना बदलली तरी बेरीज बदलत नाही.

येथे कोणी विचारील की बाजारात तर आरोग्यविमा वर्षाचे बारा महिने मिळतो, त्यास मुदत कोठे आहे? प्रश्न योग्य आहे. आपल्या देशात सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम नावाने हा विमा सर्वसामान्यांसाठी आणला, तेव्हापासून व्यक्तिगत पॉलिसी केव्हाही घेता येते. परंतु तेथे दाराऐवजी आत गेल्यावर एक ओसरी आहे, आणि तीत थांबावे लागते. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस बहुधा कोणताही खर्च मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या ठरावीक दुखण्यांसाठी त्याहून अधिक थांबावे लागते. आणि पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी ३६ महिन्यांपर्यंत थांबवू शकते. पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली ती कमी केली, आणि ६५ वर्षांवरील माणसास नवी पॉलिसी नाकारण्याची वाटही त्याच वर्षी बंद केली. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर उठला. या सर्व सवलती चांगल्या आहेत. तथापि दार बारमाही उघडे असले तर प्रतीक्षा आलीच. आणि प्रतीक्षा नको असेल तर दारास मुदत आली. दोन्ही नकोत असे म्हणणाऱ्यास विमा कोणी देऊ शकत नाही.

या ओसरीविषयी दोन सूचना जाता जाता करून ठेवतो. पहिली अशी की अर्जात आजार लपवू नये. ६० महिने अखंड पॉलिसी चालली म्हणजे माहिती दडविल्याच्या सबबीवर कंपनीस, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, मागणी नाकारता येत नाही. पण तोपर्यंतच्या पाच वर्षांत लपविलेला आजार घात करतो. दुसरी अशी की नूतनीकरणाची तारीख चुकवू नये. वार्षिक हप्त्यास ३० दिवसांची सवलत असते. ती उलटली की मागे थांबून काढलेली वर्षे वाया जातात आणि पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते.

अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने फार बोधक आहे. आपल्यापैकी काहींची मुले तेथे नोकरीस आहेत, त्यांस विचारून पाहावे. तेथे पूर्वी अनेक राज्यांत व्यक्तिगत विमा मागणाऱ्या आजारी माणसास कंपन्या सरळ नाकारीत, किंवा त्याच्यापुढे भरमसाट हप्ता ठेवीत. २०१० साली तेथे कायदा झाला आणि ही रीत बंद करण्याचे ठरले. आजारी असो वा निरोगी, कंपनीने त्यास घेतलेच पाहिजे आणि आजारामुळे अधिक हप्ता मागता कामा नये, असा नियम झाला. पण हा नियम करताच आपण वर मांडलेला धोका उभा राहिला. लोक आजारी पडेपर्यंत थांबतील, मग काय? म्हणून त्याच व्यवस्थेत नोंदणीचा काल ठरविण्यात आला. पहिली नोंदणी १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली, आणि तेव्हापासून दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी काही आठवडेच दार उघडते. मधल्या काळात विवाह झाला, मूल झाले, नोकरीबरोबर असलेला विमा गेला, अशा प्रसंगी साधारणतः ६० दिवसांची खास सवलत मिळते. दुखणे निघाले हे मात्र त्या सवलतीचे कारण होत नाही. आजाऱ्यास नाकारू नये असे ज्या कायद्याने ठरविले, त्याच व्यवस्थेला मुदत घालावी लागली, हे आपण ध्यानात घ्यावे. दोन्ही गोष्टी एकाच जुवाला जुंपलेल्या आहेत.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. विकणाऱ्यास मोटारीचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो, त्यामुळे चांगल्या मोटारी बाजारातून निघून जातात, असे त्याने दाखविले. वृद्धांना आरोग्यविमा मिळणे कठीण का जाते, याचेही कारण त्याने त्याच निबंधात याच न्यायाने सांगितले. २००१ साली त्यास अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा न्याय आपल्या बैलबाजारातील जाणत्या माणसास शिकवावा लागत नाही. बैल का विकावयास काढला, हे विकणाराच जाणतो.

मग मुदत आणि प्रतीक्षा ही कोठेच टळत नाहीत काय? टळतात, पण एकाच ठिकाणी. जेथे सर्वच आत असतात, तेथे दाराची गरज उरत नाही. जर्मनीने १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा केला. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली. ती ज्या कारखान्यांस लागू आहे, तेथील ठरावीक वेतनापर्यंतच्या कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली जातेच. आपल्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळयांच्या कारखान्यांतून काम करणाऱ्या बांधवांनी आपला विमा क्रमांक आहे की नाही, याची खातरजमा करून घ्यावी. तेथे नोंदणीची मुदत नाही, कारण मी नंतर येतो असे म्हणण्याची सोयच नाही.

दुसरे उदाहरण शासनाच्या योजनांचे. आपल्या राज्यात २०१२ साली काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती सर्व राज्यात आली आणि नंतर तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ साली राज्य शासनाने ती सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांस खुली करण्याचा आणि कुटुंबामागे वर्षास ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न न पाहता, संरक्षण देण्यात आले आहे. येथे हप्ता शासन भरते आणि निरोगी-आजारी सर्व धरलेले असतात, म्हणून आजार निघाल्यावरही दार उघडे असते. मर्यादा आहे ती ठरलेल्या उपचारांची आणि संलग्न रुग्णालयांची. मंडळाचा समूहविमा हा या योजनेस पूरक म्हणून आहे, तिच्या जागी नव्हे.

आता पुन्हा त्या सभासदांकडे वळू. त्यांस नाही म्हणून समिती स्वस्थ बसली असे कोणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी समितीचे दोघे जण त्यांच्या घरी गेले. शिधापत्रिका आणि ओळखपत्रे घेऊन त्यांस संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे नेले. शस्त्रक्रिया शासकीय योजनेतून झाली आणि बाई आज सुखरूप घरी आहेत. परंतु आधीच्या तपासण्या, जाण्यायेण्याचा खर्च आणि महिनाभराची बुडालेली मजुरी यांचा भार त्या घरावर पडलाच. त्यासाठी काही सभासदांनी स्वखुशीने पदरमोड केली. ती रक्कम विम्यातून दिलेली नव्हती, आणि तसे करण्याचा अधिकारही कोणास नव्हता. विम्याचा पैसा त्या शेकडो घरांचा आहे, ज्यांनी श्रावणात, हातात दमडी नसताना, कोणी कोंबड्या विकून तर कोणी उसनवारी करून हप्ता भरला. त्यांच्या भरवशावर दयाळूपणा दाखविणे आम्हांस सोपे होते, न्याय्य नव्हते. दया करावयाची तर ती आपल्या खिशातून करावी.

येथवर आम्ही मुदतीची बाजू मांडली. आता तिच्या विरुद्ध जे खरे आहे तेही स्पष्ट बोलले पाहिजे. त्या सभासदांस आम्ही नंतर विचारले की आपण श्रावणात नाव का दिले नाही? त्यांनी दोन कारणे सांगितली. एक असे की पत्रक त्यांच्या वस्तीवर पोहोचलेच नाही. ते तालुक्याच्या गावी कोणाच्या तरी घरी पडून राहिले. दुसरे असे की श्रावणात शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो. बियाणे, खत, फवारणी यांत सारे गेलेले असते आणि पीक अजून शेतात उभे असते. ही दोन्ही कारणे ऐकून आम्ही खाली मान घातली. मुदत असणे न्यायाचे आहे. परंतु ती कोणत्या महिन्यात असावी आणि ती सर्वांस कळावी, हे पाहणे ज्याने मुदत घातली त्याचे काम आहे. ते काम समितीने नीट केले नाही. पगारदार माणसास सर्व महिने सारखे असतात. समितीतील आम्ही बहुतेक पगारदार किंवा निवृत्तिवेतनधारक, म्हणून आम्हांस श्रावण आणि आश्विन यांतील भेद सुचला नाही.

म्हणून समितीच्या वतीने आज आपणांपुढे चार गोष्टींचा ठराव येत आहे, आणि आपण तो विचार करून संमत करावा अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट, नोंदणीचा काल पुढील वर्षापासून घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत असावा. त्या सुमारास नवे सोयाबीन बाजारात येऊ लागते आणि हाती थोडा पैसा खेळतो. शिवाय मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून जी कुटुंबे ऊसतोडीस जातात, ती बहुधा तोपर्यंत गावी असतात. कोजागरीनंतर मात्र एकही नाव घेऊ नये, मग ते अध्यक्षांच्या जावयाचे का असेना.

दुसरी गोष्ट, प्रत्येक दहा घरांमागे एक सभासद नेमावा. त्याने प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन मुदत सांगावी आणि ज्यांस विमा नको आहे त्यांचीही तशी सही घ्यावी. आम्हांस कळले नाही, असे पुन्हा कोणास म्हणावे लागू नये.

तिसरी गोष्ट, वर्षाच्या मध्ये घरात सून आली किंवा मूल जन्मले, तर ठरावीक दिवसांत नाव घालण्याची सवलत करारात स्पष्ट लिहून घ्यावी. लग्न आणि जन्म ही काही दुखणी नव्हेत. त्यांची वाट पाहून कोणी विमा टाळीत नाही, तेव्हा त्यांस दार उघडे ठेवण्यात निधीचा तोटा नाही.

चौथी गोष्ट, जे तरीही चुकतील त्यांच्यासाठी एक वेगळा साह्यनिधी असावा आणि त्याची वही विम्याच्या वहीहून निराळी असावी. त्यात ज्याने त्याने इच्छेप्रमाणे घालावे. त्यातून मदत मागण्याचा हक्क कोणास नसेल, पण देण्याचे कर्तव्य सर्वांस राहील.

शेवटी एक गोष्ट तरुण मंडळींस विशेष करून सांगावयाची आहे. या सभामंडपात तिशीच्या आतबाहेरचे जे कर्ते पुरुष व स्त्रिया बसल्या आहेत, त्यांस वाटेल की हा म्हाताऱ्यांचा विषय आहे. आमच्या हिशेबातील ती ६० घरे म्हणजे आपणच आहात. आपण आत आलात तर हप्ता ५,००० राहतो, आपण बाहेर थांबलात तर तो आपल्याच आईबापांस परवडेनासा होतो. आणि आपलेही वय काही थांबून राहत नाही. आमच्या बंधूंस पहाटे बागेत पाणी देताना ज्यांनी पाहिले होते, त्यांच्यापैकी कोणासही त्या रात्रीची कल्पना आली नव्हती.

म्हणून येत्या घटस्थापनेस कोणी आपल्या दारी नोंदणीचा कागद घेऊन येईल, तेव्हा त्यास पाट द्यावा, चहा द्यावा, आणि घरात सर्व ठणठणीत असतील तर तेवढ्याच कारणासाठी त्या दिवशीच सही करावी. अशीच सही आम्ही आमच्या बंधूंकडून वेळेवर घेतली असती, तर ती दोन एकर आज आमच्या पुतण्यांच्या नावे असती.

 ठरावाविषयी ज्यांस शंका असतील त्यांनी त्या निःसंकोच विचाराव्यात. त्या सभासदांसही आम्ही आज आग्रहाने बोलावले आहे, आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान त्यांचा आहे.